अडीच किलोच्या कुत्र्याला कपड्यांची सवय कशी लावावी?

तुमच्या पत्रानुसार तुमचा चिवावा (ही अगदी लहान चणीच्या कुत्र्यांची जात) तीन वर्षांचा आणि अडीच किलो वजनाचा आहे. थंडीत तो कापतो म्हणून तुम्ही डोक्यावरून घालायचा विणलेला स्वेटर आणला. तो अंगात चढवला की कुत्रा पुतळ्यासारखा उभा राहतो, आणि गेल्या आठवड्यापासून स्वेटर नुसता हातात घेतला तरी पलंगाखाली शिरतो. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की परवा बाहीत पाय घालताना त्याने तुमच्या बोटांना दात लावले, मात्र तो चावला नाही. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नात हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. 'घालून ठेवा, दोन दिवसांत आपोआप सवय होईल' असा सल्ला तुम्हाला मिळाला असल्याचे तुम्ही म्हणता; तो कृपया पाळू नका. आजपासून किमान दोन आठवडे तो स्वेटर त्याच्या दृष्टीस पडणार नाही अशा ठिकाणी ठेवून द्या.

मात्र त्याला कपड्याची खरोखर गरज आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, आणि म्हणून छोटा कुत्रा मोठ्या कुत्र्यापेक्षा लवकर गारठतो. त्यातही ज्यांच्या केसांखाली मऊ, दाट लव नसते अशा आखूड केसांच्या जाती, वृद्ध आणि सांधे आखडलेले कुत्रे, तसेच आजारपणामुळे किंवा केस कापल्यामुळे उघडे पडलेले कुत्रे यांना कपड्याचा खरा उपयोग होतो. पॉमेरेनियनसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला सहसा तो लागत नाही, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तो उबदार खोलीत घातला तर त्रासच होतो. तुमचा कुत्रा आखूड केसांचा असेल तर तो गरज असलेल्यांत मोडतो. तरीही चिवावा केवळ थंडीनेच कापतो असे समजू नका. भीती, उत्तेजना, वेदना आणि इतक्या लहान शरीरात रक्तातील साखर उतरणे, ही सर्व कापण्याची कारणे आहेत. उबदार खोलीत, मऊ अंथरुणात पाच-दहा मिनिटे बसल्यावर कापणे थांबत असेल तर कारण थंडी असण्याची शक्यता मोठी आहे. तेथेही तो कापत राहिला, किंवा त्याबरोबर मरगळला आणि त्याचा तोल जाऊ लागला, तर कपड्याचा विचार बाजूला ठेवून त्याला विनाविलंब पशुवैद्यांकडे न्यावे.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येतो. स्वेटर घातल्यावर कुत्रा हलत नाही, ओरडत नाही, तो काढण्याचा प्रयत्नही करत नाही, आणि म्हणून बहुतेक मालकांना वाटते की त्याने तो मान्य केला आहे. वास्तविक तो थिजलेला असतो. कान मागे दुमडलेले, शेपूट पोटाशी, वजन मागच्या पायांवर, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणारा, मधूनच नाक चाटणे किंवा झोप आलेली नसताना जांभई देणे, ही लक्षणे तुम्ही एकदा शांतपणे पाहिली की तो समजूतदारपणे उभा आहे असे तुम्हाला पुन्हा वाटणार नाही. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेले, आज वाचतानाही अस्वस्थ करणारे प्रयोग यासंदर्भात आठवतात. ज्या कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके देण्यात आले होते, त्यांच्यापैकी बरेच कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. तेव्हा त्याचा अर्थ असा लावला गेला की ही असहायता कुत्रे शिकले. पुढे मेंदूवरील संशोधनाच्या आधारे याच दोघांनी २०१६ साली आपले स्पष्टीकरण उलटे केले: दीर्घकाळ त्रास झाला की निमूट पडून राहणे ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया असते, आणि शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे 'माझ्या वागण्याने परिस्थिती बदलते' ही जाणीव. स्वेटर म्हणजे विजेचा झटका नव्हे, हे खरे आहे. परंतु कुत्र्याला कपड्याची सवय लावणे म्हणजे नेमकी हीच जाणीव त्याला शिकवणे, असे माझे मत आहे. कपडा केव्हा जवळ येतो आणि केव्हा दूर होतो हे आपल्या हातात आहे, असे ज्या कुत्र्याला कळते तो पुढे फारसा विरोध करत नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. कुत्र्यांना शिकवण्याच्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका छोट्या कुत्रीला मी तीन मिनिटांत अंगरखा चढवून दाखवला होता आणि तिच्या शांतपणाचे श्रेय स्वतःकडे घेतले होते. तिसऱ्या आठवड्यात मालकिणीने कळवले की अंगरखा ज्या कपाटात ठेवला जाई, त्याच्या दाराचा आवाज झाला तरी ती आता सोफ्यामागे जाते. भीती अशीच एकेक पायरी मागे सरकत जाते: आधी कपड्याची, मग तो धरलेल्या हाताची, मग कपाटाची. तुमचा कुत्रा दुसऱ्या पायरीवर आहे. म्हणूनच नव्या कपड्याची जागा बदला आणि शिकवण्याची खोलीही बदला.

मी 'नव्या कपड्याची' म्हणालो, कारण जुन्या स्वेटरवर मेहनत घेणे फायद्याचे नाही. त्याचा रंग, वास, स्पर्श आणि तो चढवण्याची पद्धत या सर्वांशी भीती जोडली गेली आहे. शिवाय डोक्यावरून ओढायचा, अरुंद गळ्याचा, बाह्या असलेला स्वेटर हा छोट्या कुत्र्यासाठी सर्वांत अवघड प्रकार असतो. तो ओढताना संवेदनशील मिशा मुडपतात, कान दुमडतात, क्षणभर काहीच दिसेनासे होते आणि गळ्यावर दाब येतो. छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा सैल पडून ती दबण्याचा विकार बराच आढळतो. कपडा घालताना तुमचा कुत्रा भोंग्यासारखा कोरडा खोकत असेल तर हे पशुवैद्यांना अवश्य सांगा.

बाहीचा त्रास आणखी वेगळा आहे, आणि दात लावण्याचे कारण बहुधा तेच असावे. माणसाच्या खांद्याला छातीशी जोडणारे गळ्याचे हाड असते. कुत्र्यात ते केवळ नावापुरते उरलेले असते आणि त्याचे पुढचे पाय धडाशी जवळजवळ पूर्णपणे स्नायूंनीच जोडलेले असतात. ते पुढे-मागे मोकळेपणाने फिरतात, पण बाजूला फार उघडत नाहीत. आपण लहान मुलाचा हात बाहीत घालतो तसा कुत्र्याचा पाय बाजूला ताणला तर त्याला ते दुखते, आणि पाय मागे घेण्याची त्याची धडपड आपल्याला हट्ट वाटते. पाय बाहीत घालण्याची वेळ आलीच, तर कोपरामागे दोन बोटांचा आधार देऊन, कोपर दुमडून, पाय शरीराच्या रेषेत पुढे आणावा आणि बाही आधी चुरगळून कड्यासारखी करून पायावर सरकवावी. पंजा धरून कधीही ओढू नये. मागच्या पायांबाबतही हीच काळजी घ्यावी, कारण गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष छोट्या कुत्र्यांत नित्याचा आहे.

तुमच्यासाठी मी बाह्या नसलेला, पाठीवर झुलीसारखा पसरणारा, गळ्याशी सैल वळा असलेला आणि छातीखालून पट्टा घेऊन बाजूला अडकवता येणारा कपडा सुचवेन. घेण्यापूर्वी मानेच्या तळाचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा सर्वांत रुंद घेर, आणि मानेच्या तळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी, अशी तीन मापे घ्या. कपडा आणि अंग यांत दोन बोटे सपाट जावीत. कुत्रा नर असल्याने पोटाखालचा भाग आखूड हवा. नाहीतर लघवी करताना तो दर वेळी ओला होईल. वजनाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, परंतु १५० ग्रॅमचा जाड अंगरखा म्हणजे अडीच किलोच्या कुत्र्याच्या वजनाच्या ६ टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसाने साडेतीन किलोहून जड कोट घालण्यासारखे आहे. टोपी, झालर, लोंबणाऱ्या दोऱ्या आणि शोभेची बटणे टाळा. टोपीने कान आणि बाजूची नजर झाकली जाते. दोऱ्या आणि बटणे गिळली गेली तर शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. वेल्क्रो उघडताना होणारा फर्रर्र आवाज अनेक कुत्र्यांना असह्य होतो आणि त्यात केसही अडकतात, म्हणून टिचबटण किंवा साधी प्लॅस्टिकची कडी बरी. नवा कपडा तीव्र सुवासाचा साबण न वापरता धुवा आणि तो वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस ज्या खोलीत कुत्रा मजेत असतो तेथे नुसता पडू द्या. मात्र तो त्याच्या अंथरुणात ठेवू नका.

शिकवण्याची वेळ दिवसातून दोनदा, प्रत्येकी दोन ते तीन मिनिटे, इतकीच असावी. कुत्रा भुकेला असावा, पण उपाशी नसावा. खाऊचा तुकडा करंगळीच्या नखाच्या टोकाएवढा पुरतो. एवढ्याशा कुत्र्याची दिवसाची गरज साधारणपणे १५० ते २०० किलोकॅलरींच्या आसपास असते, त्यामुळे खाऊ मुख्यतः रोजच्या अन्नातून काढावा आणि वरचा खास खाऊ एकूण गरजेच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नये. तुम्ही जमिनीवर, त्याच्याकडे थोडी कूस करून बसा. उभ्याने वाकून केलेली कोणतीही गोष्ट अडीच किलोच्या प्राण्याला अंगावर कोसळणाऱ्या भिंतीसारखी वाटते. खोलीचे दार किंवा पलंगाखालची वाट बंद करू नका. निघून जाण्याची मुभा हा या शिकवणीचा भागच आहे.

क्रमाबाबत काटेकोर राहा, कारण बहुतेकांचे चुकते ते येथेच. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले की संकेत आधी आणि अन्न नंतर, असा क्रम असेल तरच संकेताचा अन्नाशी पक्का संबंध जुळतो. क्रम उलटला तर तो जुळत नाही किंवा अगदी क्षीण जुळतो. घरोघरी घडते ते असे: खाऊ दाखवून कुत्र्याला जवळ बोलावले जाते आणि मग पाठीमागे लपवलेला स्वेटर बाहेर काढला जातो. यातून कुत्रा एवढेच शिकतो की खाऊ आला म्हणजे मागून संकट येणार, आणि काही दिवसांनी तो खाऊकडेही संशयाने पाहू लागतो. तुम्ही आधी कपडा दिसू द्या, एक सेकंद थांबा, मग खाऊ द्या. कपडा पाठीमागे गेला की खाऊही थांबवा. कपडा दिसताच त्याने कपड्याकडे न पाहता अपेक्षेने तुमच्या हाताकडे पाहिले, की ही पायरी झाली असे समजावे. तुमच्या कुत्र्याला यासाठी चार-पाच दिवस लागू शकतात, आणि तेवढे लागू द्यावेत.

यापुढे एक नियम पाळावा: कपडा कुत्र्याकडे जात नाही, कुत्रा कपड्याकडे येतो. गळ्याचा वळा त्याच्या डोक्याच्या दुपटीने मोठा होईल असा सैल करा, दोन्ही हातांनी किंवा एका हाताने स्थिर धरा आणि खाऊ वळ्याच्या पलीकडे ठेवा. पहिल्या दिवशी त्याने वळ्याजवळ नाक आणले तरी खाऊ द्यावा. मग नाक आत, मग डोळ्यांपर्यंत, मग कानांपर्यंत, आणि प्रत्येक वेळी त्याला डोके स्वतः मागे घेऊ द्यावे. या क्षणी वळा पुढे ढकलून 'झालेच की' म्हणण्याचा मोह फार होतो. तो आवरा, कारण एकदा ढकललात की मागचा आठवडा वाया जातो. पाच-सहा वेळा लागोपाठ डोके न बिचकता आत आले तर पुढची पायरी घ्यावी, आणि लागोपाठ दोनदा तो मागे सरकला तर एक पायरी खाली यावे. काही दिवसांत तो आपणहून वळ्यात डोके खुपसतो, आणि वळा समोर धरल्यावर त्याने डोके घातले तर 'हो' आणि तोंड फिरवले तर 'आज नको', अशी भाषा तुम्हा दोघांत तयार होते. 'आज नको' म्हटल्यावर कपडा खरोखरच बाजूला गेला, तर पुढे 'हो' म्हणण्याचे प्रमाण वाढते, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

छातीखालच्या पट्ट्याची तयारी वेगळ्या वेळी, कपड्याशिवाय करावी: तळहात छातीखाली एक सेकंद, खाऊ, मऊ फडक्याची पट्टी छातीखालून क्षणभर, खाऊ. कडीचा किंवा टिचबटणाचा आवाजही आधी दूरवर, फडक्यात गुंडाळून ऐकवावा. या गोष्टी एकेकट्या सोप्या झाल्यावर त्या एकत्र आणाव्यात आणि पहिल्यांदा पट्टा लावाल तेव्हा लगेच सोडावा. वेळ एक सेकंद, तीन, दोन, पाच, तीन, आठ अशी खालीवर होत वाढवावी; ती सतत वाढतच गेली तर प्रत्येक वेळ आधीपेक्षा कठीण असते आणि कुत्र्याच्या ते लक्षात येते.

उतरवणे हा घालण्याइतकाच महत्त्वाचा धडा आहे, आणि तो जवळजवळ कोणीच शिकवत नाही. घाईने ओढून काढलेला कपडा पुढच्या वेळच्या नकाराचे कारण ठरतो. आधी कडी सोडा आणि थांबा, खाऊ द्या, वळा सैल करा, आणि त्याला डोके स्वतः मागे घेऊ द्या. कपडा अंगावर असताना तो धडपडू लागला तर काय करावे, याबद्दल प्रशिक्षकांत मतभेद आहेत. काढला तर त्याची धडपड फळाला येते, असे काहींचे म्हणणे असते. मी शांतपणे काढतो. धडपड सुरू झाली याचा अर्थ मी त्याच्या कुवतीपेक्षा दोन पायऱ्या पुढे गेलो होतो, आणि त्या चुकीचा भुर्दंड त्याने भरू नये.

कपडा अर्धा मिनिट अंगावर राहू लागला की हालचाल शिकवावी. धडाभोवती एकसारखा स्पर्श असताना पहिले पाऊल उचलणे त्याला सर्वांत अवघड जाते. खाऊ तोंडाशी न देता वीतभर पुढे ठेवा. एक पाऊल पडले की पुढचा हातभर अंतरावर. दहा सेकंदांत पाऊल पडले नाही तर कपडा उतरवून त्या वेळेपुरते थांबावे. तो खोलीभर सहज फिरू लागला की कपड्याचा संबंध त्याला मनापासून आवडणाऱ्या गोष्टीशी जोडता येतो. फिरायला जाणे त्याला आवडत असेल, तर कपडा घालून दार उघडणे याहून मोठे बक्षीस नाही. बाहेर जायची त्याला धास्ती वाटत असेल, तर मात्र हा संबंध मुळीच जोडू नये. ज्या कुत्र्याला आधी वाईट अनुभव आलेला नसतो, तो हे सर्व आठवडाभरात शिकतो. तुमच्या कुत्र्याला तीन ते सहा आठवडे लागतील असे धरून चाला.

दात लावण्याबद्दल: त्याला रागावू नका. त्याने चावण्याची ताकद असून ती वापरली नाही. ती ताकीद होती. गुरगुरणे आणि दात टेकवणे यांबद्दल शिक्षा मिळाली तर कुत्रा घाबरणे सोडत नाही, फक्त ताकीद देणे सोडतो, आणि पुढचा चावा कोणत्याही सूचनेशिवाय येतो. या काळात कपड्याचे काम घरातील एकाच माणसाने करावे. नंतर दुसरे कोणी घालणार असेल तर त्याने पुन्हा वळ्याच्या पायरीपासून सुरुवात करावी; ती आता भराभर होते. पूर्वी विरोध न करणारा कुत्रा एकाएकी विशिष्ट जागी स्पर्श नाकारू लागला, तर शिकवणी थांबवून मान, खांदे, गुडघे आणि कातडी पशुवैद्यांकडून तपासून घ्यावी.

सवय लागल्यावरची काळजी थोडक्यात सांगतो. घरात एकटा असताना किंवा झोपताना त्याच्या अंगावर कपडा नसावा. उतरवल्यावर काखा, छातीची खालची बाजू आणि गळा पाहावा. तेथे लाली किंवा केस घासल्याच्या खुणा असतील तर माप चुकले आहे. लांब केसांच्या कुत्र्यात कपड्याखाली गुंता होतो, म्हणून दर वेळी विंचरणे आले. ओला कपडा अंगाची ऊब खेचून घेतो, तो ताबडतोब काढावा. कुत्रा घामाने नव्हे, तर मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो. कपड्यात तो विश्रांतीच्या वेळी धापा टाकू लागला तर त्याला उकडत आहे. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे हाताला तो नेहमीच गरम लागतो आणि आपल्या हाताच्या अंदाजावर विसंबता येत नाही. फिरायला नेताना दोरी कपड्याला न अडकवता हार्नेसला, म्हणजे छाती-खांद्यांवर बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला, अडकवावी, आणि तो कपड्यावरून घालायचा की आतून हे एकदा ठरवून तसेच ठेवावे.

शिकवणी पूर्ण होईपर्यंत थंडी थांबणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तोपर्यंत फिरणे उन्हाच्या वेळेत आणि थोडक्यात उरकावे, जमिनीपासून उंच आणि वाऱ्यापासून आडोशाला अंथरूण द्यावे, आणि बाहेर तो कापू लागला तर उचलून तुमच्या कोटाच्या आत घ्यावा. जुना स्वेटर त्याच्या अंथरुणात घालून वास ओळखीचा करावा असेही तुम्हाला कोणी सुचवेल. तसे करू नये, कारण पलंगाखालची जागा आणि ते अंथरूण, एवढ्याच दोन ठिकाणी त्याला सध्या निर्धास्त वाटते.